आखाडात माहेरी गेलेली किल्ली

आषाढ लागला आणि इंद्रजितच्या गाडीची किल्ली माहेरी निघून गेली.

सकाळी हुकावर ती नव्हती. कशी गेली, कुठल्या वाहनानं गेली, हे विचारण्यात अर्थ नाही. सून माहेरी गेली की ती कशी गेली हे कुणी विचारत नाही, का गेली तेवढं विचारतात. आमच्या घरीही तसंच झालं. इंद्रजितनं आधी रिकाम्या हुकाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "आई, तू तिला काही बोललीस काय?"

मी चपात्या लाटत होते. लाटणं तिथंच ठेवलं. म्हटलं, "मी कशाला बोलू? माझा आणि तिचा संबंध काय?"

"संबंध काय म्हणजे? सासू आहेस तू तिची."

हे खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

इंद्रजित आमचा एकुलता एक. लग्नाचा विषय काढला की त्याला फौंड्रीत काहीतरी काम निघतं. यंदा चैत्रात मात्र त्यानं पुण्याहून ही गाडी आणली. लाल, दोन माणसांची, आणि इतकी बुटकी की बसताना पाटावर बसल्यासारखं बसायचं आणि उठताना कुणीतरी हात द्यायचा. तिच्यात तांदळाचं पोतंसुद्धा बसत नाही. पण पोराला आवडली. तिच्याबरोबर ही किल्ली आली. किल्ली म्हणायची आपली एक पद्धत. ती कुलपात घालायची नाही की फिरवायची नाही. वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीएवढी, काळी आणि गुळगुळीत. ती खिशात असली की गाडीचं दार नुसत्या हातानं उघडतं. आत बसून बटण दाबलं की गाडी चालू. किल्लीनं काही करायचं नाही, फक्त जवळ असायचं.

घरात सून आली नव्हती, किल्ली आली. मग तिचं सगळं रीतीनं केलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि किल्लीचा गृहप्रवेश केला. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. ते तिला लवंडता येईना, तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे बापूसाहेबांनी, बोटानं टिचकी मारून लवंडलं. मी तेव्हाच म्हटलं होतं की हे बरोबर दिसत नाही. पण माझं कोण ऐकतं? तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून तिची धाकटी बहीण आली होती, जी जादा किल्ली म्हणून देतात ती. तिला कपाटात साड्यांच्या घडीवर जागा दिली.

ज्येष्ठात किल्लीचं बिनसायला लागलं. इंद्रजित गाडीजवळ उभा राहायचा आणि दार उघडायचं नाही. किल्ली तळहातावर घेऊन दाराला टेकवली तरी गाडीच्या पडद्यावर अक्षरं यायची, 'किल्ली जवळ नाही.' त्यानं तिच्यातला बटणासारखा सेल बदलला. मोबाईल वेगळ्या खिशात ठेवून बघितला. गाडीची बॅटरी तपासून घेतली. सेल अगदी मेला तरी किल्ली चालू करायच्या बटणावर टेकवली की गाडी सुरू होते, असं पुस्तकात दिलंय. तेही करून झालं. तिच्या पोटात अडीअडचणीसाठी एक लोखंडी पातं असतं. ते तिनं काढूच दिलं नाही. शेवटी धाकटीला कपाटातून बाहेर काढलं, तर ती थोरलीच्या आधी काही करायला तयार होईना.

आता माझ्याकडून काय झालं तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी लपवलं म्हणायला नको. माझ्या मोबाईलवर भिशीतल्या बायकांनी एक निरोप पाठवला होता, की चोर अशा किल्लीचा संदेश हवेतल्या हवेत पकडतात आणि गाडी पळवतात, म्हणून किल्ली घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी. मी ठेवली. शेंगदाण्याच्या कुटाचा डबा होता, पण धुऊन, पुसून, उन्हात वाळवून घेतला होता. माझा हेतू चांगला होता. पण स्टीलच्या डब्यात ठेवली की किल्लीला गाडी ऐकू येत नाही आणि गाडीला किल्ली, हे त्या निरोपात सांगितलं नव्हतं.

आणि मग आषाढ लागायच्या आदल्या संध्याकाळी इंद्रजित गाडी आत घेताना ती फाटकात आडवी बंद पडली. तो खाली उतरला आणि दारं आपोआप लागली. चाकं जागची हलेनात. आत ह्यांची जीप अडकली. आमच्या ताराबाई पार्कातल्या बंगल्यातून बाहेर पडायचं तर फाटकाच्या खांबाला धरून, पोट आत घेऊन, एका बाजूनं निघावं लागायचं. ह्यांचं पोट बघता ते सोपं नव्हतं. शिरोलीच्या फौंड्रीत ते शेजाऱ्यांच्या स्कूटरवर मागं बसून जायला लागले.

किल्ली गेली त्या दिवशी दुपारी पुण्याच्या शोरूममधून फोन आला. बाईंचा आवाज होता. "सरनोबत ना? तुमच्याकडची किल्ली सुखरूप पोचली आहे. धाकटीही बरोबर आहे. काळजी नसावी. चौकशीची वेळ अकरा ते एक." एवढं बोलून फोन ठेवला.

रात्री जेवताना बैठक बसली. ह्यांनी आमटी ओरपून घेतली आणि निर्णय दिला, "हे बायकांचं प्रकरण आहे. बायकांनीच मिटवायचं. तू जा आणि घेऊन ये."

"मी एकटी?"

"मग काय वाजंत्री लावू?"

मला राग आला तो ह्यांचा नव्हे. ह्यांचं बोलणं असंच आहे, भट्टीवर लोखंड ओतताना शिकलेलं. मला राग आला तो किल्लीचा. ही चार महिन्यांची सून, आखाड लागला की उठून माहेरी गेली, आणि आता तिला आणायला माणूस जाणार! लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात मीसुद्धा नेसरीला गेले होते. सासरहून मूळ येईल, म्हणजे न्यायला कुणीतरी माणूस येईल, म्हणून दारात बसून असायची. कुणी आलं नाही. वडिलांनी शेवटी एसटीत बसवून दिलं आणि मी आपली आपण परत आले. पुढं कधी सासूबाईंचे गुडघे, कधी फौंड्रीतली मंदी, कधी इंद्रजितचा ताप. वडील गेले, भावांनी घर विकलं. आता नेसरीत आमच्या घराच्या जागी कुणाचं तरी खताचं दुकान आहे. हे सगळं मी त्या रात्री बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर हे म्हणाले असते, 'मग आलीस ना परत?'

मी तयारी केली. खण, नारळ, हळदीकुंकू, डबाभर बेसनाचे लाडू. किल्लीला खण कशाला, असं इंद्रजितनं विचारलं. म्हटलं, सुनेला न्यायला जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नसतं, ती मऊ असो की टणक. एसटीनं स्वारगेटला उतरले, रिक्षा करून बाणेरला गेले. खाली काचेचं शोरूम होतं, एकाहून एक बुटक्या गाड्या उभ्या. वर पहिल्या मजल्यावर पाटी होती, 'माहेर विभाग'.

विभागाच्या प्रमुख देवस्थळीबाई. सुती साडी, गळ्यात शोरूमचं ओळखपत्र, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"एकला पाच कमी आहेत," त्या म्हणाल्या. "पण आलात, बसा. नातं?"

"सासू."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग अवघड आहे. आषाढ चालू आहे."

"त्याला काय झालं?"

"आषाढात नव्या सुनेनं सासूचं तोंड बघायचं नसतं. ती तुमचीच रीत आहे. आम्ही काही नवीन काढलेलं नाही." आणि त्यांनी उठून खोलीच्या मधोमध एक जाड पडदा ओढला. पडद्यापलीकडं किल्ली होती.

"बया! म्हणजे मी कोल्हापूरहून आले ते पडद्याशी बोलायला?"

"पडद्याशी नाही. यंत्रातून." त्यांच्या टेबलावर एक लहान यंत्र होतं. किल्लीचं म्हणणं त्याच्यावर उमटायचं आणि बाई वाचून दाखवायच्या. एरवी त्याच यंत्रावर सेल किती उरलाय आणि किल्लीचा संदेश किती अंतरावर पोचतो ते बघतात.

बाईंनी तपासणी सुरू केली. सेल ठीक. बटणं ठीक, फक्त उघडायच्या बटणाच्या खाचेत हळद सापडली. मी म्हटलं, ती ओवाळल्याची. बाईंनी पडद्याआड जाऊन ब्रशनं हळद काढली आणि पुडीत बांधून मला परत दिली. मग तक्रारी.

"ती म्हणते, डब्यात ठेवलं."

"चोरांच्या भीतीनं ठेवलं. डबा स्वच्छ होता."

"ती म्हणते, कुटाचा वास येत होता."

"कुटाचा वास कधी जातो काय? तिला सांगा, तुझी सासू त्याच वासात उभी असते."

बाईंनी पडद्याकडं बघितलं. मग त्या म्हणाल्या, "ती म्हणते, डब्याचं सोडा. खरं कारण वेगळं आहे. पण ते ती सासूला सांगणार नाही."

"मग कुणाला सांगणार?"

"माहेरच्या माणसाला. किंवा माहेरवाशिणीला."

मी हात टेकले. आता काय करायचं? रिकाम्या हातानं घरी जाऊन काय सांगणार? जीप अडकलेली, पोरगं तोंड पाडून बसलेलं, आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटणार. देवस्थळीबाई मोठ्या शांत. त्या म्हणाल्या, "एक मार्ग आहे. सासू म्हणून तुम्हाला पडद्याआड जाता येत नाही. पण तुम्ही स्वतः माहेरवाशीण असाल, तर कुणी अडवू शकत नाही. तुमचं माहेर कुठलं?"

"नेसरी. पण आता नाही."

"नाही म्हणजे?"

"घर विकलं. भाऊ आपापल्या ठिकाणी. कुणी बोलवत नाही, मी जात नाही."

"मग इथलं लावू?"

त्यांनी हे इतक्या साधेपणानं विचारलं, की साखर कमी घालू की जास्त असं विचारावं. मी मान हलवली. बाईंनी पडदा बाजूला केला, मला पाय धुवायला गरम पाणी आणून दिलं, आणि माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

किल्ली खिडकीजवळ एका गादीवर बसली होती, धाकटी तिच्या शेजारी. आजूबाजूला आणखी कितीतरी किल्ल्या होत्या, सातारच्या, सोलापूरच्या, एक थेट बेळगावची. आता आम्ही दोघी माहेरवाशिणी झालो होतो, त्यामुळं यंत्राची गरज राहिली नाही.

मी म्हटलं, "सांग बाई. काय झालं?"

किल्ली म्हणाली, "मी जवळ असते म्हणून गाडी उघडते. पण इंद्रजितना वाटतं, त्यांनी हात लावला म्हणून उघडली. पाहुणे आले की ते गाडीचं कौतुक करतात, इंजिनचं करतात, स्वतःच्या हाताचंसुद्धा करतात. मी खिशात असते. दार उघडलं नाही त्याच दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा बाहेर काढून बघितलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"अगं, मग त्यात काय! मी पण घरात असते की."

बोलून गेले आणि माझंच मला कसंतरी झालं. धाकटीनं विषय बदलला आणि लाडू कसे झालेत ते विचारलं.

मी लगेच परत निघणार होते. बाईंकडं जाऊन म्हटलं, "कळलं मला. आता आम्ही निघतो."

"कुणाबरोबर?"

"मी आहे की. मी तिला घेऊन जाते."

"तुम्हाला नेता येणार नाही. तुम्ही आता इथल्या आहात. माहेरवाशीण माहेरवाशिणीला सासरी नेत नाही. आणि मूळ आल्याशिवाय आम्ही कुणालाच पाठवत नाही, तिला नाही आणि तुम्हालाही नाही." त्यांनी चष्मा वर सरकवला. "पूर्वी पाठवायचे लोक. आपली आपण गेलेली पोर पुढं आपली आपणच राहते. म्हणून आम्ही बंद केलं."

तिथं मला कळलं की मी आता अडकले. आणि खरं सांगायचं तर, मला वाईट वाटलं नाही. उलट मनात एक भलतीच गोष्ट आली. किल्लीला न्यायला कुणीतरी येणार हे नक्की होतं, फाटकात गाडी आडवी होती. मला बघायचं होतं, माझ्यासाठी कोण येतं. ते कळल्याशिवाय मला जायचंच नव्हतं.

मी तिथं राहिले. सकाळी उशिरापर्यंत झोपायला लागले. चहा आयता यायचा. वर्कशॉपमधले मेकॅनिक मला आत्या म्हणायचे आणि जेवणाच्या सुट्टीत आपापल्या डब्यातली भाजी आणून द्यायचे. पुण्याची आमटी गोड, पण तक्रार केली नाही. देवस्थळीबाईंनी एका रविवारी माझ्या केसांना तेल लावून दिलं. त्यांचा हात जड आहे. मी किल्ल्यांना झिम्मा शिकवला, जेवढा त्यांना जमेल तेवढा. बेळगावच्या किल्लीचा आवाज चांगला होता.

घरून फोन यायचे. इंद्रजितचा पहिला फोन, "आई, किल्ली कधी येणार?" दुसरा, "आई, हिंग कुठं असतो?" तिसरा, "गॅस संपला की कुणाला सांगायचं?" मी सगळं सांगितलं. ह्यांचा एकदा फोन आला. म्हणाले, "जीप अडकलीय गं." मी म्हटलं, "माहीत आहे." ह्यांना फोनवर बोलता येत नाही. मी कधी येणार, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. फोन ठेवला की मी किल्लीजवळ जाऊन बसायची. ती म्हणायची, "विचारतील." मी म्हणायची, "तू गप बस."

आषाढ संपत आला तेव्हा इंद्रजित आला. ट्रॅक्स भाड्यानं करून आला होता. नारळ होता, खण होता, आणि किल्लीसाठी कोल्हापुरात शिवून घेतलेली जरीकाठाची पिशवी होती. पोरगं बारीक झालं होतं. किल्लीसमोर उभा राहून तो आधी घुटमळला, मग म्हणाला, "चूक झाली. आता खिशात ठेवणार नाही, हातात ठेवीन. निदान पाहुण्यांसमोर तरी." किल्ली लगेच विरघळली. या बाबतीत ती अगदीच कच्ची निघाली. बाईंनी तिची ओटी भरली, धाकटी पाठराखीण म्हणून पुन्हा निघाली, सगळ्या किल्ल्यांनी रडून घेतलं.

इंद्रजित माझ्याकडं वळला. "चल आई, आटप लवकर. संध्याकाळच्या आत पोचू."

देवस्थळीबाई मध्ये आल्या. "यांचं मूळ?"

"म्हणजे?"

"तुम्ही किल्लीला न्यायला आलात. यांना न्यायला कोण आलंय?"

"अहो, त्या आमच्याच आहेत. गाडी आहे खाली, मागं जागा आहे. येतील बरोबर."

"बरोबर येणं वेगळं," बाई म्हणाल्या. "तुम्ही घरून निघालात तेव्हा कुणाला आणायला निघालात?"

इंद्रजित खोटं बोलत नाही. तेवढं एक आम्ही त्याला शिकवलंय. तो म्हणाला, "किल्लीला."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. पोराचा दोष नव्हता. मी आई, मी येणारच, हे त्यानं धरलेलं. मी म्हटलं, "तू जा बाळा. हिंगाचा डबा वरच्या फळीवर ठेवत जा, सादळतो." तो दोनदा मागं वळून बघत गेला. किल्लीसुद्धा पिशवीतून बघत होती असं मला वाटलं. ते गेल्यावर मी खिडकीशी बसून चांगली रडले. रागानं रडले आणि वाईट वाटून रडले, दोन्ही. देवस्थळीबाईंनी समजूत काढली नाही. त्यांनी फक्त दुपारची चौकशी बंद ठेवली.

कोल्हापूरला गाडी उघडली. फाटक मोकळं झालं, जीप बाहेर निघाली. हे मला इंद्रजितनं फोनवर सांगितलं. स्वयंपाकाला बाई लावल्याचंही सांगितलं. म्हणजे आता माझ्यावाचून अडलेलं काहीच नव्हतं. मी बाईंना म्हटलं, "माझं नाव इथं कायमचं ठेवा. आता कुणी येत नाही." त्या म्हणाल्या, "वेळ अकरा ते एक. सगळे दिवस."

श्रावणातल्या एका सोमवारी, चौकशीची वेळ संपता संपता, जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखते. बाईंनी मला पडद्याआड व्हायला सांगितलं.

बापूसाहेब आत आले. कडक इस्त्रीचा सदरा एसटीत चुरगळलेला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. उभेच राहिले.

"गाडीची काय तक्रार आहे?" बाईंनी विचारलं.

"गाडीची? काही नाही. चालती की."

"किल्ली?"

"ती पण बरी आहे. पोरगा जेवताना टेबलावर शेजारी ठेवतोय."

"घरात काही अडलंय?"

ह्यांनी विचार केला. फौंड्रीतला हिशेब विचारल्यासारखा नीट विचार केला. "नाही बा. स्वयंपाकाला बाई लावलीय. चांगली करती."

पडद्याआड माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चांगली करती म्हणे!

"औषधं? कपडे? कुणी आजारी?"

"नाही. सगळं जागच्या जागी आहे."

"मग कशासाठी आलात?"

"हिला न्यायला."

"कारण काय लिहू?"

ह्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. कपाळ पुसलं. मला वाटलं, आता काहीतरी वेडंवाकडं बोलणार आणि सगळं घालवणार. हे म्हणाले, "कारण काही नाही, बाई. सगळं चालतंय. पण घरात शिरलो की ही नाही, हे लगेच कळतंय. काही अडत नाही, तरी कळतंय. म्हणून आलो. यायला उशीर झाला, ते खरं आहे. पहिल्याच आखाडात जायचं होतं, नेसरीला. तेव्हा आईनं म्हटलं, येईल आपली आपण. मी ऐकलं."

देवस्थळीबाईंनी काहीही लिहिलं नाही. उठून पडदा सरकवला.

मी तशीच उभी होते. ह्यांनी पिशवी पुढं केली. साडी जांभळी होती. मला जांभळा रंग आवडत नाही हे ह्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी आत जाऊन ती नेसून आले.

मग जे रीतीनं व्हायचं ते झालं. मेकॅनिकांनी जावईबापूंना खुर्ची दिली, पाय धुवायला पाणी दिलं, आणि गोड आमटीचं जेवण वाढलं. ह्यांनी एक शब्द न बोलता दोनदा घेतली. बाईंनी माझी ओटी भरली, शिदोरी बांधून दिली, आणि जिन्यापर्यंत आल्या. त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी धरलं. आमच्या दोघींचं वय एकच असावं.

खाली शोरूममध्ये गाड्या उभ्या होत्या, सगळ्या बंद. त्यांच्या किल्ल्या वरच्या मजल्यावर ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवलेल्या. मी पहिल्या गाडीजवळून गेले आणि तिचे दिवे लुकलुकले. मिटलेले आरसे बाहेर आले, दार सुटल्याचा आवाज झाला. मग दुसरीचं तसंच झालं. मग तिसरीचं. मी चालत राहिले आणि दोन्ही बाजूंनी एकेक गाडी उघडत गेली, पार काचेच्या दारापर्यंत.

हे थबकले. "हे काय झालं गं?"

जिन्यातून देवस्थळीबाई म्हणाल्या, "काही नाही. त्या जवळून गेल्या ना." आणि चष्मा सावरत त्या खाली आल्या, आणि एकेका गाडीचं दार हातानं नीट लावायला लागल्या.

मी शिदोरीची पिशवी ह्यांच्या हातात दिली. म्हटलं, "चला आता. स्वारगेटला खिडकीची जागा मिळायची नाही."